शबाना आझमी : अभिनय आणि निवाऱ्याचा लढा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शबाना आझमी यांच्याविषयी मराठीत शोधायला गेलं की पुरस्कारांची यादी मिळते, जावेद अख्तर यांच्याशी झालेल्या लग्नाची हकिकत मिळते आणि मधूनमधून एखाद्या वादाची बातमी. मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांच्या घरांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं जे काम केलं, ते मात्र बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेलं असतं. मला त्यांच्या आयुष्यातला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून इथे त्याला जास्त जागा दिली आहे.

शबाना आझमी यांचं बालपण कुठे आणि कसं गेलं?

जन्म हैदराबादचा, १८ सप्टेंबर १९५०. वडील उर्दू शायर कैफी आझमी, कम्युनिस्ट पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते. आई शौकत रंगभूमीवरच्या अभिनेत्री. इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंघटनेत आणि पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरमध्ये त्या काम करत. लहानग्या शबानाला पाठीशी बांधून तालमीला नेत, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं.

वयाच्या नवव्या वर्षापर्यंत हे कुटुंब मुंबईत ‘रेड फ्लॅग हॉल’मध्ये राहिलं. तिथे पक्षाच्या आठ कुटुंबांचं एकत्र बिऱ्हाड होतं. प्रत्येकाला एक खोली. न्हाणीघर आणि संडास सगळ्यांत मिळून एकच. पक्षाकडून कैफींना महिन्याला चाळीस रुपये मिळत. पुढे हे कुटुंब जुहूच्या जानकी कुटीरमध्ये राहायला गेलं.

घरी त्यांना मुन्नी म्हणत. शबाना हे नाव त्या अकरा वर्षांच्या असताना शायर अली सरदार जाफरी यांनी ठेवलं. शाळाप्रवेशाचा किस्सा तर त्या घराविषयी बरंच काही सांगून जातो. क्वीन मेरी शाळेत पालकांना इंग्रजी यावं अशी अट होती आणि कैफी-शौकत दोघांनाही ते बोलता येत नव्हतं. तेव्हा अली सरदार जाफरींच्या पत्नी सुलताना आई म्हणून आणि कुटुंबाचे स्नेही मुनीश नारायण सक्सेना वडील म्हणून मुलाखतीला जाऊन बसले. मूल एका घरचं असलं तरी त्याची काळजी आठही घरांनी घ्यायची, असा तिथला रिवाज होता. पुढे दुसऱ्यांच्या घरांसाठी उपाशी बसायला तयार झालेली बाई याच बिऱ्हाडात वाढली, हे विसरून चालणार नाही.

अभिनयाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं होतं का?

हो. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून मानसशास्त्राची पदवी घेतली. ‘सुमन’ या पदविका चित्रपटात जया भादुरी यांना पाहिलं आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जायचं ठरवलं. तिथे रोशन तनेजा यांच्या हाताखाली शिकून १९७२ मध्ये त्या बाहेर पडल्या. सहज अभिनय करतात असं त्यांच्याबद्दल म्हटलं जातं, तेव्हा त्या सहजतेमागे ही तालीम होती हे सांगायला हवं.

‘अंकुर’मध्ये असं काय होतं?

श्याम बेनेगल यांचा हा पहिला कथापट, १९७४ चा. तेलंगणातलं खेडं, शहरातून आलेला जमीनदाराचा मुलगा (अनंत नाग), मुकाबहिरा कुंभार किश्तय्या (साधू मेहेर) आणि त्याची बायको लक्ष्मी. मुंबईत वाढलेल्या, झेवियर्समध्ये शिकलेल्या मुलीनं ही दलित मोलकरीण उभी केली. तिचं उकिडवं बसणं, पदर खोचणं, मालकासमोर मान खाली घालून डोळ्यांनी मात्र सगळं टिपणं, यात कुठेही उसनेपण दिसत नाही. निरपराध नवऱ्याला मार बसताना पाहून शेवटी लक्ष्मी जे तळतळाट देते, त्या प्रसंगात आवाज फाटतो, शब्द एकमेकांवर आदळतात, आणि शबानांनी तो दिसायला-ऐकायला सुंदर करण्याचा मोह टाळला आहे. याच भूमिकेसाठी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुढच्याच वर्षी ‘निशांत’ आला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. जमीनदाराच्या भावांनी पळवून नेलेली शिक्षकाची बायको त्यात शबानांनी केली. ही बाई फक्त सोसणारी नाही. कोंडलेल्या अवस्थेतही ती रागावते, हिशेब मांडते.

राष्ट्रीय पुरस्कार किती?

सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पाच : १९७४ चा ‘अंकुर’साठी, १९८२, १९८३ आणि १९८४ असे सलग तीन ‘अर्थ’, ‘खंडहर’ आणि ‘पार’साठी, आणि १९९८ चा ‘गॉडमदर’साठी. १९८८ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण.

व्यावसायिक चित्रपट त्यांनी केलेच नाहीत का?

केले, भरपूर केले. ‘फकिरा’, ‘अमर अकबर अँथनी’ अशी मोठी यादी आहे. समांतर, म्हणजे व्यावसायिक चौकटीबाहेरच्या सिनेमातून घर चालत नव्हतं आणि लोकांपर्यंत चेहराही पोचत नव्हता. पुढे आंदोलनात उभं राहिल्यावर पोलीस, मंत्री आणि वार्ताहर थबकले, त्यात या गाण्या-हाणामारीच्या चित्रपटांनी दिलेल्या ओळखीचाही वाटा होता.

त्या सामाजिक कामाकडे कधी वळल्या?

याची एक ठरावीक तारीख नाही. तरुणपणी वडिलांचं राजकारण आपल्याला फारसं जवळचं वाटत नव्हतं, असं त्यांनीच सांगितलं आहे. घरात मोर्चे-संपांच्या गप्पा रोजच्याच होत्या, पण आपलं क्षेत्र अभिनय, अशी त्यांची समजूत होती. ती बदलली भूमिकांमुळे.

‘अर्थ’ (१९८२) इथे महत्त्वाचा. महेश भट्ट यांच्या या चित्रपटातली पूजा शेवटी पश्चात्तापानं परत आलेल्या नवऱ्याला नाकारते. इतकंच नाही, ज्याच्या मैत्रीनं तिला सावरलं त्या पुरुषालाही ती नकार देते आणि तुरुंगात गेलेल्या मोलकरणीच्या (रोहिणी हट्टंगडी) मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभी राहते. हा शेवट प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, असं वितरकांचं म्हणणं होतं. प्रेक्षकांनी स्वीकारला. मग बायका शबानांकडे येऊ लागल्या. त्या एका ताऱ्याला भेटायला येत नव्हत्या, आपल्या मोडलेल्या संसाराबद्दल बोलायला येत होत्या, आणि उत्तराची अपेक्षा करत होत्या. आपल्याकडे देण्यासारखं उत्तर नाही, या अस्वस्थतेतून त्या स्त्री-चळवळीच्या जवळ गेल्या.

दुसरा धक्का गौतम घोष यांच्या ‘पार’चा. त्यात बिहारमधून पळून कोलकात्यात आलेलं दलित जोडपं आहे. शेवटी पोटासाठी ते डुकरांचा कळप पोहत नदीपार नेतं. बाई गरोदर असते. भूमिकेच्या तयारीसाठी शबाना अशाच परिस्थितीत राहणाऱ्या बाईच्या घरी गेल्या. त्या बाईकडून चालणं-बोलणं घ्यायचं, त्यावर पुरस्कार मिळवायचा आणि तिला विसरून जायचं, हे आपल्याला जमणार नाही, असं त्यांना वाटू लागलं. हे त्यांनी अनेकदा बोलून दाखवलं आहे, आणि मला ते खरं वाटतं, कारण पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या तसंच वागल्या.

झोपडपट्टीचाच प्रश्न का?

कारण त्या वर्षांत मुंबईत तो प्रश्न पेटलेला होता. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, राज्य सरकारनं पदपथांवर राहणाऱ्यांना उचलून शहराबाहेर धाडण्याची मोहीम काढली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व न्यायालयानं मान्य केलं. मात्र रीतसर नोटीस देऊन, पावसाळा सरल्यावर पदपथ रिकामे करता येतील, असंही सांगितलं. तत्त्व जिंकलं आणि माणसं पुन्हा तोडकाम पथकाच्या समोर आली, असा तो निकाल होता.

या सगळ्यातून झोपडपट्टीवासीयांच्या घरांसाठी लढणाऱ्या निवारा हक्क सुरक्षा समितीचं काम उभं राहिलं. त्याच सुमारास आनंद पटवर्धन यांनी ‘हमारा शहर’ हा माहितीपट केला. तो पाहून शबाना हादरल्या आणि समितीच्या कामात ओढल्या गेल्या. ज्या शहरात आपण वाढलो, त्याच शहराचा हा चेहरा आपण इतकी वर्षं पाहिला कसा नाही, हा प्रश्न त्यांना पडला. तो आजही हा माहितीपट पाहताना पडतो.

१९८६ चं उपोषण नेमकं कशासाठी होतं?

नरिमन पॉइंट-कफ परेडच्या टोलेजंग इमारतींच्या सावलीत संजय गांधी नगर नावाची वस्ती होती. त्या इमारती बांधणारे मजूर तिथे राहत. १९८६ च्या मार्चमध्ये महापालिकेनं वस्ती जमीनदोस्त केली. लोक उघड्यावर आले. पर्यायी जागा मिळावी म्हणून वस्तीतले रहिवासी आणि आनंद पटवर्धन उपोषणाला बसले, आणि शबाना त्यांच्यासोबत बसल्या.

त्या वेळी दिग्दर्शक मृणाल सेन यांचा ‘जेनेसिस’ फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत निवडला गेला होता आणि नायिका म्हणून शबानांना तिथे जायचं होतं. त्या गेल्या नाहीत. घरात काळजीचं वातावरण होतं. शौकत तर बेचैन होत्या. कैफी तेव्हा मुंबईबाहेर होते. त्यांची तार आली : ‘बेस्ट ऑफ लक, कॉम्रेड.’ मुलीला तब्येत सांभाळ म्हणून न सांगता ‘कॉम्रेड’ म्हणणारा बाप! ज्या राजकारणापासून मुलगी लांब राहत आली होती, त्यात तिचं स्वागत करायला या चार शब्दांहून जास्त काही लागलं नाही.

उपोषण पाच दिवस चाललं. शबानांचा रक्तदाब घसरू लागला होता. शेवटच्या दिवशी शशी कपूर यांनी सरकारदरबारी जाऊन शब्द टाकला, मागण्या मान्य झाल्याचं उपोषणाच्या ठिकाणी येऊन सांगितलं आणि छायाचित्रकारांसमोर न थांबता निघून गेले. शबाना ही आठवण नेहमी कृतज्ञतेनं सांगतात.

वस्तीला गोरेगावच्या दिंडोशीत पर्यायी जमीन मिळाली. दक्षिण मुंबईत रोजगार असलेल्या माणसासाठी गोरेगाव लांब आहे. म्हणजे हा पूर्ण विजय नव्हता. पण झोपडी पाडली तर बदल्यात जागा द्यावी लागेल, हे सरकारकडून वदवून घेतलं गेलं. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

त्यानंतर काय? की उपोषण झालं आणि संपलं?

इथूनच खरं लांबचं काम सुरू झालं, आणि त्याला ना कॅमेरे होते ना घोषणा. सभा, निवेदनं, रहिवाशांच्या याद्या, शिधापत्रिका आणि मतदारयादीतल्या नावांची जुळवाजुळव, मंत्रालयातल्या खेपा. पर्यायी घरासाठी ‘पात्र’ की ‘अपात्र’ या एका शिक्क्यावर कुटुंबाचं भवितव्य ठरत असताना हे कागदी काम कुणीतरी करावं लागतं.

सगळ्यात मोठी लढाई संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची. उद्यानातली अतिक्रमणं हटवावीत म्हणून पर्यावरणवाद्यांनी याचिका केली आणि १९९७ मध्ये उच्च न्यायालयानं ती हटवण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव असलेल्यांनी सात हजार रुपये भरले तर त्यांना पर्यायी जागा, आणि तीही कल्याणच्या बाजूला, अशी योजना होती. बोरिवली, मालाड, मुलुंडमध्ये धुणीभांडी करणारी बाई कल्याणपलीकडून रोज कशी येणार? अनेकांनी पैसे भरले नाहीत, अनेकांना भरता आले नाहीत. तोडकाम मात्र झालं.

जंगल वाचायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुंबईचं पाणी आणि हवा त्या जंगलावर अवलंबून आहे. पण जंगल वाचवण्याची सगळी किंमत सर्वांत गरीब माणसानं एकट्यानं मोजावी, हा न्याय नव्हे. निवारा हक्कनं नेमकी हीच बाजू धरली : उद्यान मोकळं करा, पण माणसांना शहरातच घर द्या. बऱ्याच वर्षांच्या झटापटीनंतर चांदिवलीतल्या जुन्या दगडखाणींच्या जमिनीवर पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. वास्तुविशारद पी. के. दास, शबाना आणि समितीचे कार्यकर्ते त्यामागे होते. सुमारे १२ हजार कुटुंबांना मोफत घरं देण्याची ही योजना. वस्तीचं नाव संघर्ष नगर.

प्रसिद्ध व्यक्तींची समाजसेवा म्हणजे प्रसिद्धीचाच भाग, या टीकेत तथ्य आहे का?

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून टाळत नाही. पाच दिवसांच्या उपोषणाबद्दल कुणी असं म्हटलं असतं तर वाद घालता आला असता. पण १९८६ नंतर दोन दशकं त्याच समितीत, त्याच प्रश्नावर टिकून राहणं प्रसिद्धीसाठी कुणी करत नाही. प्रसिद्धी मिळवण्याचे याहून सोपे मार्ग अभिनेत्रीपुढे असतात.

संघर्ष नगरवरची टीका जास्त गंभीर आहे. तिथे विकासकाला टीडीआर (बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची मुभा) मिळाला, रहिवाशांना २२५ चौरस फुटांचं घर आणि दाटीवाटीच्या इमारती. घर फुकट असलं तरी इमारतीत राहायचं म्हणजे देखभालीचा खर्च आलाच. जमिनीचा हक्क मागणाऱ्या चळवळीनं बिल्डरच्या गणितात बसणारं घर का स्वीकारलं, असा सवाल विचारला गेला, आणि त्यात वजन आहे. दुसऱ्या बाजूला, पर्याय होता तो पावसात प्लास्टिकखाली वाट पाहण्याचा. मला स्वतःला ही तडजोड योग्य वाटते.

जातीय सलोख्यासाठी त्यांनी काय केलं?

१ जानेवारी १९८९ ला साहिबाबादमध्ये पथनाट्य चालू असताना रंगकर्मी सफदर हाश्मी यांच्यावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्याच महिन्यात दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात शबानांनी थेट व्यासपीठावरून निषेध वाचून दाखवला. सरकारी सोहळ्यात, सरकारसमोर. चित्रपटसृष्टीत असं धाडस तेव्हाही दुर्मीळ होतं.

त्याच वर्षी सामाजिक कार्यकर्ते स्वामी अग्निवेश आणि अभ्यासक असगर अली इंजिनिअर यांच्यासोबत त्या दिल्ली ते मेरठ अशा चार दिवसांच्या पदयात्रेत चालल्या. मेरठमध्ये १९८७ ला भीषण दंगली झाल्या होत्या. हिंदू कट्टरतेवर त्या बोलल्या तशा मुस्लीम धर्मगुरूंच्या चिथावणीवरही बोलल्या, आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या.

‘फायर’ आणि ‘वॉटर’चे वाद काय होते?

दीपा मेहता यांच्या ‘फायर’मध्ये एकाच घरातल्या दोन जावांमधलं प्रेम आहे. शबाना आणि नंदिता दास यांनी त्या भूमिका केल्या. चित्रपट १९९६ चा, भारतात १९९८ मध्ये प्रदर्शित झाला. सेन्सॉरनं तो संमत केलेला असतानाही डिसेंबरमध्ये मुंबईतल्या चित्रपटगृहांत मोडतोड झाली. शबाना तेव्हा राज्यसभेच्या सदस्य होत्या. या वादातही त्या चित्रपटाच्या बाजूनं उभ्या राहिल्या.

‘वॉटर’साठी त्यांनी मुंडण केलं होतं. २००० मध्ये वाराणसीत सेटची नासधूस झाली, चित्रीकरण थांबलं. पुढे हा चित्रपट श्रीलंकेत वेगळ्या संचात झाला आणि शबानांची भूमिका सीमा बिस्वास यांनी केली.

राज्यसभेत त्या कोणत्या पक्षातर्फे गेल्या?

कोणत्याच नाही. १९९७ ते २००३ या काळात त्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं त्यांना सदिच्छादूत नेमलं. एड्सबद्दल भयंकर गैरसमज होते त्या दिवसांत, स्पर्शानं हा आजार पसरत नाही असं सांगणाऱ्या जाहिरातीतही त्या दिसल्या होत्या.

मिजवान म्हणजे काय?

उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातलं कैफींचं गाव. १९७३ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं त्यांचा डावा हात निकामी झाला. पुढे ते या गावासाठी झटले. रस्ता, शाळा, टपाल कार्यालय आणलं. १९९३ मध्ये त्यांनी मिजवान वेल्फेअर सोसायटी स्थापन केली. १० मे २००२ रोजी ते गेल्यावर शबानांनी काम पुढे नेलं : मुलींचं शिक्षण, आणि बायकांसाठी चिकनकारीचं प्रशिक्षण व रोजगार. फॅशन डिझायनर मनीष मल्होत्रा यांच्या वस्त्रसंग्रहांतून ते कशिदाकाम मोठ्या बाजारात पोचलं.

मराठी रंगभूमी-चित्रपटात अशी उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि अभिमान वाटावा अशी. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय व्हावी, म्हणून तो निधी होता. स्मिता पाटील राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात वाढल्या आणि मुंबईतल्या स्त्री-चळवळीशी जोडलेल्या होत्या. शबाना-स्मिता तुलना आपल्याकडे आजही आवडीनं होते, पण ‘अर्थ’ आणि ‘मंडी’त दोघींना एका चौकटीत पाहिलं की ती निरर्थक वाटते. १९८६ च्या डिसेंबरमध्ये स्मिता गेल्या. पुढचं आयुष्य त्यांना मिळालं असतं तर या लढ्यांत आणखी एक खणखणीत आवाज असता.

कामाच्या धबडग्यात अभिनय मागे पडला का?

नाही. फारूक शेख यांच्यासोबतचं ‘तुम्हारी अमृता’ १९९२ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये शेख यांचं निधन होईपर्यंत चालत राहिलं. दोन माणसं बसून पत्रं वाचतात, एवढंच नाटक. मुलांसाठीच्या ‘मकडी’त (२००२) त्या चेटकीण झाल्या, ‘नीरजा’त (२०१६) आई, आणि २०२३ मध्ये ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’त धर्मेंद्र यांची जुनी प्रेयसी. जानेवारी २०२० मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरजवळ त्यांना मोठा अपघात झाला होता; त्यातून बऱ्या होऊन त्या पुन्हा कामाला लागल्या.

त्यांचं काम पाहिलंच नसेल तर सुरुवात कुठून करावी?

‘अंकुर’पासून नको. आधी ‘अर्थ’ पाहा, मग ‘मंडी’. कोठीची मालकीण रुक्मिणीबाई पाहिल्यावर त्यांची विनोदाची जाणही कळेल. त्यानंतर ‘अंकुर’, आणि मन घट्ट करून ‘पार’. ‘हमारा शहर’ शबानांचा चित्रपट नाही, तरी तो या यादीत ठेवा आणि ‘पार’च्या लगेच नंतर पाहा.